नोव्ह्याच्या गढीत कोण मेलं?

आमच्या हिंगोली-नांदेडच्या पट्ट्यात एक दोनशे वर्षांपूर्वीची लढाई अलीकडं पुन्हा लढली जात आहे. या वेळी ती भाषणात, बॅनरवर आणि गाण्यांतून चालू आहे. एका बाजूला तलवार उपसलेला नाईक, दुसऱ्या बाजूला लाल कोटातला गोरा, आणि खाली ओळ : आद्य क्रांतिवीर. मला या चित्राबद्दल लिहायचं आहे. नाइकाच्या शौर्याबद्दल माझी तक्रार नाही, शौर्य होतंच. तक्रार आहे ती चित्र काढणाऱ्या हाताबद्दल. तो हात आपल्या ओळखीचा आहे म्हणून.

आधी लढाई थोडक्यात. पेशवाई १८१८ साली बुडाली. बाजीरावानं ३ जून १८१८ ला इंग्रजांच्या हाती मान दिली. त्याच सुमाराला पैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांत हटकरांचे नाईक कुणाला जुमानत नव्हते. त्यांतला सगळ्यांत मोठा नौसाजी नाईक मुसके. मुलूख निजामाचा, पण निजामाच्या नावानं लढायला जी फौज होती तिचे अंमलदार गोरे. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल यानं १८१३ साली उभी केलेली रसेल ब्रिगेड आणि तिच्या जोडीची वऱ्हाडची पलटणं, पुढं या सगळ्याला हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. उमरखेडच्या बाजूला नाइकाची आणि या फौजेची गाठ पडली. मग मेजर पिटमननं नाइकाच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला. इंग्रजी कागदात हे गाव ‘नोवाह’ असं येतं. १८१९ चा जानेवारी महिना. तोफा लावल्या, मोर्चे खणत खणत खंदकापर्यंत नेले, आणि महिन्याच्या अखेरीला हल्ला करून गढी घेतली. आत पाचशेच्या आसपास शिबंदी होती, तिच्यातले चारशेवर कापले गेले. हल्ला करणाऱ्यांचे मेले थोडे, जखमी पुष्कळ झाले. नाइकाला हैदराबादेस नेलं, तो तिकडंच मेला. झालं. मोठ्या इतिहासात ही लढाई कुठं एका ओळीत येते, कुठं तेवढीही येत नाही.

आता ही गोष्ट आतापर्यंत कोणी कशी सांगितली ते बघू.

पहिली सांगणारी माणसं म्हणजे गोरे साहेब. १८७० साली लायलनं वऱ्हाडचं गॅझेटिअर काढलं. त्यात हटकर नाइकांची हकिकत आहे. १९०५ साली बर्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं हैदराबाद कंटिंजंटचा इतिहास लिहिला, त्यात वेढ्याची हकिकत आहे. पुढं १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार जाड खंड काढले, त्यात हटकर ही एक नोंद आहे. (हा रसेल वेगळा, रेसिडेंट रसेल वेगळा. साहेबांची नावं पण एकमेकांची बलुतेदारी केल्यासारखी पुन्हा पुन्हा येतात.) ही तिन्ही पुस्तकं वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. साहेबाला बंडाचं कारण शोधायचं नसतं, त्याला बंडाची जात शोधायची असते. हटकर हा शब्दच हट्टावरून आला, असं ही मंडळी सांगतात. म्हणजे हे लोक बंड का करतात? तर हट्टी आहेत म्हणून. हट्टी का? तर हटकर आहेत म्हणून. संपला विचार. सारा कोण किती घेत होतं, डोंगराची राखण कोणाच्या हक्काची होती, तो हक्क कोणी मोडला, ह्या प्रश्नांना त्या पानावर जागाच उरत नाही.

मित्रांनो, ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. स्वभाव रक्तातून येतो आणि रक्त जातीतून येतं, हे मनूला माहीत होतंच. साहेबानं त्याला छापखाना दिला. याच विचारातून १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मतःच चोर ठरल्या. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. हिंगोलीपुरतं सांगायचं तर हिंगोली छावणीचं नाव इंग्रजी साहित्यात गेलं ते ठगांमुळं. कंटिंजंटमधल्याच मेडोज टेलरनं १८३९ साली ठगावर कादंबरी लिहिली. तिच्या प्रस्तावनेत तो सांगतो की हिंगोलीच्या बाजारातला एक प्रतिष्ठित सावकार-व्यापारीच ठगांचा म्होरक्या निघाला. विलायतेत घराघरांत ती वाचली गेली. म्हणजे आमच्या जिल्ह्यात साहेबाला दोनच प्रकारची माणसं दिसली : गळा आवळणारी आणि हट्टानं लढणारी. कायाधूच्या काठाला ज्वारी राखणारी, मेलेलं ढोर ओढणारी, वेशीवर रात्र काढणारी माणसं त्याला दिसली नाहीत. छावणीत लाकूडफाटा, गवत, पाणी रोज येत होतं, ते कोण आणत होतं?

दुसरी सांगणारी माणसं आपली. म्हणजे आपल्याच मातीतली, आपल्याच भाषेतली. त्यांनी साहेबाचंच पुस्तक घेतलं आणि फक्त चिन्ह बदललं. साहेब म्हणाला हट्टी, हे म्हणतात स्वाभिमानी. साहेब म्हणाला लुटारू, हे म्हणतात क्रांतिवीर. साहेब म्हणाला रक्तातच बंड आहे, हे म्हणतात आमच्या रक्तातच बंड आहे! वजाबाकीची बेरीज केली पण आकडा तोच ठेवला. याला मी इतिहासाचं पुनर्लेखन म्हणायला तयार नाही. ही नक्कल आहे.

हटकर-धनगर समाजातल्या तरुणांना आपला नायक हवासा वाटतो, याची चेष्टा मला करायची नाही. ज्यांना शतकानुशतकं मेंढरामागं हिंडायला लावलं, ज्यांच्या नावानं एक धडा शाळेच्या पुस्तकात नाही, त्यांनी आपला माणूस शोधला तर त्यात गैर काय? आपणही शोधलाच की. पण शोधताना काय झाकलं जातं ते पाहणं हे टीकाकाराचं काम आहे, आणि इथं पुष्कळ झाकलं गेलं आहे.

सगळ्यांत मोठी झाकलेली गोष्ट ही : गढीत जे मेले ते बहुतेक अरब होते.

हे वाक्य भाषणात येत नाही. येऊन चालणारच नाही. कारण अलीकडच्या सांगण्यात ही लढाई हळूहळू हिंदू नाईक विरुद्ध मुसलमान निजाम अशी होत चालली आहे. मग आत चारशे मुसलमान नाइकासाठी मेले हे कुठं बसवायचं? म्हणून त्यांना ‘मावळे’ केलं जातं, ‘साथीदार’ केलं जातं. एकदा मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मारायची ही रीत.

हे अरब कोण होते? हद्रमौत, येमेनकडून पोटासाठी आलेले भाडोत्री शिपाई. दख्खनच्या प्रत्येक दरबारात त्यांना मागणी होती. पगार जास्त, पण किल्ला धरून बसले की हटत नाहीत अशी ख्याती. डिसेंबर १८१७ मध्ये नागपुरात तेच लढले, १८१८ च्या उन्हाळ्यात मालेगावचा किल्ला त्यांनीच धरून ठेवला. आणि ध्यानात घ्या, १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात पेशव्याच्या बाजूनं आपल्या माणसांच्या अंगावर चालून आलेल्या पायदळात अरबच पुढं होते. पेशवाई बुडाली, भोसल्यांचा जोर मोडला, आणि हे हजारो बंदुकवाले एका वर्षात बेकार झाले. कंपनीला त्यांना देशातून घालवायचं होतं. एखाद्या नाइकाच्या गढीत भाकरी आणि पगार मिळाला तर त्यांनी कुठं जायचं? नोव्ह्यात ते निष्ठेसाठी मेले का पगारासाठी, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत नाही. कोरेगावचे आपले शिपाईसुद्धा पगारीच होते. गरीब माणूस लढाईत पगारासाठीच उभा राहतो आणि मग कधी कधी पगाराच्या पलीकडं जाऊन लढतो. या पलीकडच्या जागेवरच साहित्याचं काम सुरू होतं. पण तिथवर पोचायचं तर आधी तो अरब होता हे कबूल करावं लागतं.

दुसरी झाकलेली गोष्ट पैशाची. ती रुक्ष वाटेल, तरी कार्यकर्त्यांनी नीट वाचावी.

निजामाच्या दरबारात त्या काळी सगळा कारभार राजा चंदूलाल याच्या हातात. मुलूख सालोसाल मक्त्यानं द्यायचा, ज्याची बोली मोठी त्याच्या हाती परगणा. मक्तेदार येणार, वर्षभरात गुंतवलेलं वसूल करून वर नफा काढणार, कारण पुढच्या साली दुसऱ्याची बोली मोठी असू शकते. त्यातून रसेल ब्रिगेडसारख्या फौजांचा पगार निजामाच्या तिजोरीतून, हुकूम मात्र इंग्रजांचा. तिजोरीत पैसा नाही म्हणून कर्ज काढायचं. कर्ज देणारी पेढी कुणाची? हैदराबादेत १८१४ साली निघालेली विल्यम पामरची कंपनी. व्याज शेकडा चोवीस-पंचवीसपर्यंत. फौजेचा पगारही या पेढीच्या उचलीतून जाऊ लागला. १८२० नंतर मेटकाफ रेसिडेंट होऊन आला, त्यानं हे प्रकरण उघडं केलं आणि १८२४ साली पेढी बुडाली. पण फौजेचं ओझं बुडालं नाही. ते वाढत वाढत गेलं आणि १८५३ साली त्या थकलेल्या खर्चापायी निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला.

आता नोव्हा या साखळीत बसवून बघा. डोंगरातला नाईक वसुलीच्या आड येतो. वसूल आला नाही तर मक्तेदार बुडतो, मक्तेदार बुडाला तर चंदूलाल अडकतो, चंदूलाल अडकला तर पेढीचं व्याज थकतं. म्हणून फौज जाते. फौज गेली की तिच्या पगाराला आणखी कर्ज. कर्ज फेडायला आणखी वसूल. आणि वसूल शेवटी कुणाच्या पाठीवर? कुणब्याच्या. आणि कुणब्याच्या पाठीवरचं ओझं खाली घसरून कुणाच्या पाठीवर येतं, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बलुतं कमी मिळतं आणि वेठ दुप्पट होते.

या हिशोबात नाईक वाईट ठरतो का? नाही. तो इंग्रजविरोधी क्रांतिकारक ठरतो का? तेही नाही. गावांवर आपला हक्क सांगणारे दोन वाटेकरी, एक डोंगरातला जुना आणि एक हैदराबादचा नवा, यांच्यातली ती झुंज होती. नव्याजवळ तोफा होत्या. जुन्याजवळ गढी होती. ज्या गावांवर दोघांचा डोळा होता त्या गावांना कुणी विचारलं नव्हतं.

तिसरी गोष्ट एका शब्दाची, तो शब्द म्हणजे वतन. नाइकी हे वतन. डोंगराची, घाटाची राखण करायची आणि त्याबदल्यात गावागावांवर हक्क सांगायचा. असा हक्क गेला की माणूस तलवार उचलतो आणि मग पोवाडे होतात : वतनासाठी प्राण दिले. ठीक. पण याच गावात दुसरंही एक वतन होतं, महारकीचं. वेशीची राखण, सरकारी टपाल पोचवणं, पाटलाच्या पुढं धावणं, मेलेलं ढोर ओढणं, मयताची खबर गावोगाव देणं, आणि त्याबदल्यात उष्टी भाकरी आणि वावराचा तुकडा. त्याचं नावही वतनच. नाइकाला वतन म्हणजे अभिमान, आपल्याला वतन म्हणजे गळ्यातला फास. म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं, ते वतन वाचवायला नव्हे, त्यातून माणूस सोडवायला. वतनासाठी लढणं आणि वतनाविरुद्ध लढणं या दोन वेगळ्या जातीच्या लढाया आहेत. दोन्हीला ‘विद्रोह’ हा एकच शब्द लावणारा टीकाकार मला आळशी वाटतो. आमच्या काही मंडळींनीही हा आळस केला आहे. तलवार दिसली की विद्रोही, गढी दिसली की विद्रोही. मग पेंढारीही विद्रोहीच म्हणा!

आता त्या प्रश्नाकडं येतो ज्यासाठी हे लिहायला घेतलं. आमच्या एका अभ्यासवर्गात एका पोरानं विचारलं, “दादा, कालेजात ते पोरं म्हणतेत, आमचा नाईक इंग्रजासंगं लढला आन तुमचे लोक इंग्रजाकडून लढले. काय सांगावं त्याहीला?”

या टोमण्याला आपल्याकडं दोन तयार उत्तरं आहेत आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. पहिलं उत्तर : तेव्हा राष्ट्र कुठं होतं? बरोबर आहे, पण ते वकिली उत्तर आहे, त्यानं समोरचा गप्प बसतो, पटत नाही. दुसरं उत्तर : आम्ही पेशवाई गाडली. तेही बरोबर, पण त्या उत्तरात आपण शिपायाच्या जागी सेनापती होऊन बसतो. कोरेगावच्या स्तंभावर मेलेल्यांची एकोणपन्नास नावं कोरली आहेत, त्यांत बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या स्तंभापुढं गेले. त्यांनी ती नावं कशासाठी वाचली? इंग्रजांचे उपकार मानायला? ज्यांना लढाऊ नाहीत म्हणून १८९२-९३ च्या सुमाराला इंग्रजांनी लष्कराची दारं बंद केली, त्यांचीच नावं इंग्रजांच्याच दगडावर आहेत, हे दाखवायला. वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला तो याच अन्यायाविरुद्ध. तो दगड इंग्रजांविरुद्धचा पुरावा म्हणूनही उभा आहे. हे आपण पोरांना शिकवत नाही. आपण त्यांना फक्त आकडे शिकवतो, आठशे विरुद्ध अठ्ठावीस हजार.

म्हणून त्या पोराला मी म्हणलं, तू त्यांना उलट विचार : नोव्ह्यात मेलेल्या एका माणसाचं नाव सांगा. नाइकाचं सोडून. सांगता यायचं नाही. चारशे माणसं, एक नाव नाही. आणि बाहेरच्या बाजूनं? तिथं गोऱ्या अंमलदारांची नावं पुस्तकात आहेत, काळे शिपाई आकड्यात आहेत. मोर्चे खणणारे, दगड वाहणारे, खंदक भरायला फांद्यांचे भारे आणणारे, हे आकड्यातही नाहीत. वेढा म्हणजे काय हे कधी नीट विचारात घ्या. तीन आठवडे हजारो माणसं आणि जनावरं एका जागी. त्यांना दाणा, वैरण, पाणी, सरपण. तोफा ओढायला बैल. रात्रीच्या अंधारात माती उकरत पुढं सरकायचं, वरून गोळ्या येत असताना. दख्खनच्या कुठल्याही गावात अशा कामाला पहिला हात कुणाच्या बखोटीला घातला जातो? आजूबाजूच्या दहा गावांत महारवाडे, मांगवाडे होते. तिथल्या माणसांना तो महिना इंग्रजांच्या बाजूचा होता का नाइकाच्या बाजूचा? त्यांना तो वेठीचा महिना होता.

ही तुलना मी कोरेगावला लहान करायला करत नाही. कोरेगावला आपल्याला नावं सापडली आणि नोव्ह्यात कुणालाच सापडली नाहीत, हा दोन लढायांतला फरक आहे, आणि तो फरक हटकरांच्या पोरालाही लागू आहे. त्याच्या आजोबाच्या आजोबाचंही नाव तिथं नाही. त्यालाही फक्त नाईक दिलेला आहे. हे त्याच्या लक्षात आणून दिलं तर भांडण वेगळ्या रस्त्याला लागेल.

लढाईचं नाव मात्र टिकलं, आणि कुठं टिकलं ते ऐका. जिंकलेल्या पलटणींना ‘नोवाह’ हा लढाईचा मान मिळाला. १९०३ मध्ये कंटिंजंट इंग्रजी लष्करात विरघळलं, हिंगोलीची छावणी संपली. पलटणींची नावं बदलत १९२२ साली हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ साली तिचं नाव कुमाऊं रेजिमेंट. हिमालयातल्या पोरांच्या पलटणीच्या मानांच्या यादीत आमच्या पैनगंगेकाठच्या एका गढीचं नाव महिदपूरच्या शेजारी येऊन बसलं. आमच्या जिल्ह्यातल्या किती जणांनी ते ऐकलं आहे?

आता आपल्या घरातलं. काही कार्यकर्ते प्रत्येक लढाईत ‘आपला माणूस’ शोधतात. नोव्ह्याबद्दलही एकानं मला विचारलं की गढीचा दरवाजा राखणारा महार होता असं लिहिता येईल का. होताही असेल. पण पुरावा नसताना लिहिलं तर आपण बखरकारांच्या पंगतीत बसू. बामणी इतिहासानं हेच केलं, पाहिजे तिथं पाहिजे तो माणूस उभा केला. आपला नकार त्या पद्धतीला आहे, नुसता त्या माणसांना नाही. रिकामी जागा रिकामी दाखवणं हेसुद्धा लिहिणंच आहे. उलट ती जागा जितकी मोठी दाखवाल तितका वाचणारा अस्वस्थ होईल.

कल्पित लिहायचं असेल तर उघड कल्पित लिहा. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ समोर आहे. १९५९ साली आली, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. फकिराही बंडखोर, तोही इंग्रजांच्या अंमलाविरुद्ध. पण तिथं बंडाचं मूळ भुकेत आहे. वाडीतली माणसं उपाशी मरत आहेत म्हणून तो धान्य लुटतो, आणि लुटलेलं वाटतो. बंडखोराच्या मोजमापाला मला हे माप पुरेसं वाटतं : लुटीचा दाणा शेवटी कुणाच्या मडक्यात गेला? नौसाजीच्या बंडाला हे माप लावा. कुणीतरी लावायला हवं. आतापर्यंतच्या सगळ्या पोवाडेबाजीत मला दाण्याचं एकही मडकं दिसलं नाही. ‘फकिरा’तही उणिवा आहेत. त्यातली काही माणसं फारच पुतळ्यासारखी उभी राहतात, आणि गोऱ्या साहेबाला अण्णाभाऊ जरा जास्तच उदार करतात. पण भुकेवरून त्यांचा डोळा हलत नाही. आपल्यातल्या नव्या कथाकारांनी नोव्ह्यावर लिहायचं ठरवलं तर अरब शिपायापासून सुरुवात करावी. परक्या मुलखात, परक्या भाषेत, दुसऱ्याच्या वतनासाठी भिंतीमागं उभा असलेला माणूस. किंवा गढीतल्या बायकांपासून. वेढ्यात पाणी कुणी ओढलं असेल? अशा कथेत नाईक दोन पानं आला तरी पुरे.

एक गोष्ट आणखी, जी साहित्याच्या बाहेरची वाटेल पण नाही. हा सगळा मुलूख १९७८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पेटला होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि नांदेड, परभणी जिल्ह्यांत आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. हिंगोली तेव्हा परभणीतच होती, जिल्हा १९९९ साली झाला. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेला मारलं ते याच पट्ट्यात. ज्या गावांनी ते केलं त्या गावांत नाइकांचे, पाटलांचे, देशमुखांचे पराक्रम सांगणारी माणसं होती. शौर्याचा अभिमान आणि वस्तीवरचा बोळा एकाच हातात राहू शकतात, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणून कोणी मला ‘आद्य क्रांतिवीर’ म्हणून सांगायला आला की मी त्याला आधी विचारतो, तुमच्या गावात गायरान कुणाच्या ताब्यात आहे?

हा प्रश्न वाकडा नाही. पैनगंगेच्या अलीकडचे हे डोंगर, हे माळ, याच्यावरच नाइकांची सत्ता होती. त्याच माळावर पुढं १९५३ पासून मराठवाड्यातल्या आपल्या भूमिहीनांनी गायरानं कसायला सुरुवात केली, दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहात त्यासाठी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नावावर करायचा आदेश १९९१ साली निघाला, आणि तरी कित्येकांचा सातबारा अजून कोराच आहे. याच माळावर धनगराची मेंढरंही चरतात. मेंढीवाला आणि गायरानवाला एकमेकांवर काठी उगारतात आणि बागायतवाला बांधावर उभा राहून बघतो. ही जी लढाई आहे तिच्यात गोरा साहेब नाही आणि निजामही नाही. त्या कालेजातल्या पोरांशी बोलायला बसाल तेव्हा नाइकाच्या चित्राखाली बसा, हरकत नाही, पण सोबत गावचा नकाशा आणि फेरफाराची नक्कल घेऊन बसा. गट नंबर कोणता, पोटखराबा किती, चराई कुठून कुठवर. त्यांच्या आज्यांना लढाईतलं काय ऐकून माहीत आहे तेही विचारा आणि जसं सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत उतरून घ्या. आपल्या आज्यांनाही विचारा, त्या महिन्यात आपल्याकडच्या कुणाला ओढून नेलं होतं का. मिळेल ते पुढच्या अंकाला पाठवा.